मूळ शब्द ‘रूपे’ होता

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका गावाहून मला फोन आला. आवाज वयस्कर होता, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत उच्चारणारा. त्यांनी आधी स्वतःची ओळख करून दिली: निवृत्त शिक्षक, आता गावातल्या वाचनालयाचे काम पाहतात. एका छोट्या दिवाळी अंकातला माझा लेख त्यांनी वाचला होता. अंकाच्या अगदी शेवटी, राशिभविष्य आणि पतसंस्थेची जाहिरात यांच्यामध्ये दडलेला तो लेख कोणी वाचेल अशी माझीही फारशी अपेक्षा नव्हती, त्यामुळे मी मनातून सुखावले. “लेख आवडला, ताई,” ते म्हणाले, “पण एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही लिहिले आहे की थॉमस जेफरसनच्या पत्रातला एक शब्द भाषांतरात बदलला आणि त्यावरून एवढे रामायण घडले. मूळ शब्द ‘रूप’ होता आणि छापून आला ‘रूप’. मी तीनदा वाचले, चष्मा पुसून वाचले. बदलले काय, ते काही मला कळले नाही.”

मी अंक काढून पाहिला. मी लिहिले होते, “मूळ शब्द ‘रूपे’ होता, छापून आला ‘रूप’.” अंकात दोन्ही ठिकाणी ‘रूप’च होते. संपादकांना फोन केला, तर त्यांनी थकलेल्या स्वरात सांगितले की फाँट बदलताना मात्रा उडतात, यंदा त्याचा फार त्रास झाला, एका कवितेत तर सगळे ‘मेघ’ ‘मघ’ झाले आहेत. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. भाषांतरात हरवलेल्या अनेकवचनाविषयी मी लेख लिहिला होता आणि छपाईत त्याच लेखातले तेच अनेकवचन हरवले होते. आधी मला हसू आले. मग संध्याकाळी ओट्याशी भाजी निवडताना ती मात्रा पुन्हा आठवली, रात्रीही आठवली, आणि पुढचे कित्येक दिवस ती जिभेवर राहिलेल्या पेरूच्या बीसारखी सलत राहिली.

ज्या पत्राबद्दल मी लिहिले होते ते 24 एप्रिल 1796 चे. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जेफरसनने ते फिलिप्पो मात्झेई या तोस्कानातल्या (इटलीतल्या) मित्राला लिहिले होते. मात्झेई एके काळी व्हर्जिनियात त्याचा शेजारी होता, तिथल्या मातीत द्राक्षमळे फुलवण्याच्या खटपटीत होता, आणि आता पिसा येथे परत जाऊन राहिला होता. कुंपणापलीकडच्या माणसाला लिहावे तशा मोकळेपणाने जेफरसनने त्याला कळवले की आमच्याकडे एक इंग्रजधार्जिणा, राजेशाहीकडे झुकलेला पक्ष उभा राहिला आहे, ब्रिटिश राज्यपद्धतीची रूपे त्याने आमच्यावर आधीच पांघरली आहेत आणि आता तिचा गाभाही पांघरायचा त्याचा उद्देश आहे. रणांगणात सॅमसन आणि सल्लामसलतीत सॉलोमन असलेल्या माणसांचे केस इंग्लंड नावाच्या वेश्येने भादरले, अशीही एक जळजळीत ओळ त्यात होती. (बायबलमधल्या सॅमसनचे बळ त्याच्या केसांत होते, आणि सॉलोमन हा शहाणपणासाठी नावाजलेला राजा.) नाव कोणाचेच घेतलेले नव्हते. वाचणाऱ्यांनी ते स्वतः भरले, आणि भरलेले नाव तेव्हाच्या अध्यक्षाचे, वॉशिंग्टनचे होते.

मात्झेईने त्या पत्राचे इटालियन केले आणि ते मित्रांना दिले. इटालियनमधून ते फ्रेंचमध्ये उतरले आणि 25 जानेवारी 1797 च्या पॅरिसच्या ‘मोनितर’मध्ये छापून आले. ‘मोनितर’चा अंक जहाजातून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे ‘मिनर्व्हा’ या वर्तमानपत्रात नोआ वेबस्टरने, म्हणजे पुढे ज्याच्या नावाचा शब्दकोश घराघरांत गेला त्याच वेबस्टरने, त्या फ्रेंचचे पुन्हा इंग्रजी करून ते मे महिन्यात छापले. जेफरसन तेव्हा उपाध्यक्ष होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, खास अधिवेशनासाठी तो फिलाडेल्फियाला निघाला होता. वाटेत मेरीलँडमधल्या ब्लेडन्सबर्ग येथे ते पत्र वर्तमानपत्रात त्याच्या नजरेस पडले. घोडागाडीच्या धुळीने माखलेला, प्रवासाने आंबलेला तो उंच माणूस टेबलावरचा कागद उचलतो आणि एक वर्षापूर्वी आपण एकांतात लिहिलेली वाक्ये परक्या वळणाने आपल्याशी बोलताना पाहतो, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वाक्ये त्याचीच होती, शब्द त्याचे नव्हते. आणि ‘रूपे’चे ‘रूप’ झाले होते.

त्या एका वचनाने काय केले हे जेफरसनने पुढे 1824 साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, मार्टिन व्हॅन ब्यूरेन या तरुण राजकारण्याला लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. ‘रूपे’ म्हणजे अध्यक्षांच्या दरबारवजा भेटी, त्यांच्या वाढदिवसाचे सोहळे, मिरवणुका, शपथविधीचा डामडौल, अशी राजवाड्याची आठवण करून देणारी सगळी सजावट. एकवचनात मात्र ते राज्यपद्धतीचे रूपच होते, म्हणजे संविधानच. सजावटीवर नाक मुरडणारा माणूस त्या एका अक्षरामुळे संविधानाचा वैरी ठरला. हा फरक मराठीत दाखवताना माझी त्रेधा उडाली होती, कारण ‘प्रकार’, ‘आकार’, ‘थाट’ हे सगळे पुल्लिंगी शब्द एकवचनात आणि अनेकवचनात तसेच राहतात. म्हणून मी मुद्दाम नपुंसकलिंगी ‘रूप’ निवडला होता. एक रूप, अनेक रूपे. माझी सगळी हुशारी त्या एका मात्रेला टांगलेली होती.

जेफरसनने खुलासा केला नाही. 3 ऑगस्ट 1797 च्या पत्रात त्याने आपला राजकारणातला जवळचा साथी जेम्स मॅडिसन याला आपली कोंडी सांगितली: पत्र माझे नाही असे म्हणता येत नाही, कारण बहुतांशी ते माझेच आहे, आणि माझे आहे म्हणावे तर प्रत्येक ओळीचे स्पष्टीकरण देत वॉशिंग्टनशी जाहीर वैर घ्यावे लागेल. तो गप्प बसला. वॉशिंग्टनशी त्याचा पत्रव्यवहार पुन्हा कधी सुरू झाला नाही.

हे सगळे मी दिवाळी अंकात लिहिले होते. लिहायचे राहिले ते हे की, ज्या परदेशी कागदाने जेफरसनचा घात केला, त्या कागदांवर त्याने आणि त्याच्या पिढीने जन्मभर विसंबून राज्यकारभार केला होता.

त्यांच्याकडे जगाची खबर यायला दुसरी वाट जवळपास नव्हती. युरोपातल्या राजधान्यांत अमेरिकेचे वकील, म्हणजे राजदूत, बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांची पत्रे फोडली जात, आणि एका पत्राला समुद्र ओलांडायला सहा ते आठ आठवडे लागत, वारा विरुद्ध असला तर त्याहून जास्त. म्हणून पत्राबरोबर वर्तमानपत्रांचा गठ्ठा जाई. 1785 ते 1789 या काळात जेफरसन पॅरिसच्या दरबारी वकील होता आणि न्यूयॉर्कला परराष्ट्र खाते सांभाळणाऱ्या जॉन जेला तो नियमाने लिहीत असे. त्या पत्रांच्या शेवटी पुन्हा पुन्हा एकच ओळ येते, सोबत फ्रान्सची आणि लायडनची गॅझेटे पाठवत आहे. आपल्याकडच्या जुन्या पत्रांत ‘लोभ असावा’ यावा तशी ती ओळ येते. सरकारी पत्रात तो थोडे आणि तोलून लिही, पण खाली लोंबणाऱ्या त्या गठ्ठ्यात युरोपभरच्या दरबारांची कुजबुज भरलेली असे.

लायडनचे गॅझेट हा काय प्रकार होता हे कळल्यावर मी त्याच्या प्रेमातच पडले. हॉलंडमधल्या विद्यापीठाच्या गावात फ्रेंच भाषेत निघणारे हे वर्तमानपत्र सतराव्या शतकापासून चालू होते. त्याचे खरे नाव ‘वेगवेगळ्या ठिकाणच्या असाधारण बातम्या’ असे होते, पण लोक गावाच्या नावानेच त्याला ओळखत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार पानांचा लहानसा अंक निघे आणि त्याला पुरवणी जोडलेली असे. चित्र नाही, मोठा मथळा नाही, संपादकाचा आरडाओरडा नाही. गावाचे नाव आणि तारीख, आणि त्याखाली मजकूर: लंडनहून, व्हिएन्नाहून, कॉन्स्टँटिनोपलहून. चालवणारे ल्यूझाक घराणे धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या प्रोटेस्टंटांचे. 1772 पासून संपादन पाहणारा झाँ ल्यूझाक हा वकिली शिकलेला, ग्रीकचा अभ्यासक, शब्द तोलून वापरणारा माणूस. फ्रान्सच्या राजाला स्वतःच्या राज्यातल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधता येत होते, पण लायडन त्याच्या हद्दीबाहेर होते, आणि राजाच्या मंत्र्यांना स्वतःलाच ते वाचल्यावाचून राहवत नसे.

हे वाचताना मला आमची दुपारची एसटी आठवते. माझे बालपण कोकणातल्या एका गावात गेले. मुंबईचे वर्तमानपत्र तिथे सकाळी येत नसे. ते दुपारी साडेतीनच्या गाडीने येई, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीत खोचलेले, सुतळीने बांधलेले, आणि पावसाळ्यात कडेने भिजून फुगलेले. आजोबा ओसरीवर वाट पाहत बसत. गठ्ठा सुटला की शाईचा आणि डिझेलचा एकत्र वास येई, आणि आजही डिझेलचा वास आला की मला बातमी आल्यासारखे वाटते. तो अंक डाक आवृत्तीचा असे. आदल्या संध्याकाळी छापलेला आणि आजची तारीख घालून पाठवलेला, त्यामुळे त्यातली ‘आज’ची बातमी कालच्या दुपारची असे. आजोबांना हे पक्के ठाऊक होते, तरी ते ती ताजी म्हणूनच मोठ्याने वाचत आणि ऐकायला जमलेले चार शेजारीही तसेच ऐकत. शिळ्या बातमीवर ताजे मत बनवण्याचे हे कौशल्य मी तिथे पहिल्यांदा पाहिले.

त्या काळच्या अमेरिकेत हा उशीर युद्धाच्या वेळीही आड आला. 1812 च्या 18 जूनला अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. व्यापारी जहाजांना छळणारे ब्रिटिश हुकूम हे त्यातले मोठे गाऱ्हाणे होते, आणि ते हुकूम मागे घेतल्याचे लंडनमध्ये जाहीर झाले 23 जूनला. ज्या कागदावर ती बातमी छापली गेली तो समुद्रात असतानाच इकडे तोफा निघाल्या होत्या.

उशीर एक वेळ सोसता येतो, कारण तो सगळ्यांना सारखाच असतो. जेफरसनची खरी तक्रार वेगळीच होती. लंडनची वर्तमानपत्रे अमेरिकेत अराजक माजल्याच्या बातम्या देत, त्या युरोपभर उचलल्या जात, आणि इंग्रजीच वाचता येत असल्यामुळे अमेरिकेतले छापखानेही लंडनचेच अंक फोडून आपले रकाने भरत. म्हणजे फिलाडेल्फियाचा माणूस आपल्या देशाविषयीचे आणि युरोपविषयीचे मत कालपरवापर्यंतच्या शत्रूच्या कागदावरून बनवत होता. 1785 मध्ये अमेरिकेचा तिथला वकील बेंजामिन फ्रँकलिन फ्रान्सहून मायदेशी परतत असताना अल्जियर्सच्या चाच्यांनी त्याला पकडून गुलाम केल्याची बातमी लंडनमधून पसरली. म्हातारा तोवर फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरून तोफांच्या सलामी घेत होता. नोव्हेंबर 1787 मध्ये जेफरसनने एका पत्रात चिडून लिहिले की ब्रिटिश मंत्र्यांनी भाडोत्री बातमीदारांकरवी आमच्या अराजकाचे खोटे इतक्या वेळा वदवले की शेवटी जगाने ते खरे मानले, इंग्रजांनी मानले, मंत्र्यांनीही मानले, आणि याहून नवल म्हणजे आम्ही स्वतःही मानले. या शेवटच्या टप्प्यावर मी दर वेळी थबकते.

मी स्वतः सतरा वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर भाषांतर केले. टेलिप्रिंटरच्या खोलीत सतत खडखड चाले, कागदाची लांबलचक पट्टी जमिनीवर वेटोळे घालून पडे, आणि मुख्य उपसंपादक ती पट्टी पट्टीनेच फाडून आमच्यापुढे टाकत. गंमत अशी की आमच्याच जिल्ह्यात आलेल्या पुराची बातमी कधी कधी मुंबई-दिल्ली फिरून इंग्रजीत आमच्याकडे येई आणि मी तिचे मराठी करत असे. नद्यांची नावे इंग्रजी वळणाने आलेली, गावांची नावे ओळखू न येणारी, आणि ‘व्हिलेजर्स’ म्हणून उल्लेखलेली माणसे माझ्या आत्याच्या गावची. एकदा मी अशाच एका गावाचे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने लिहिले आणि ते चुकले. दुसऱ्या दिवशी त्या गावचा माणूस कार्यालयात आला. तो भांडला नाही. त्याने एवढेच विचारले, “आमचं गाव तुम्हाला लांबून कळलं का?”

परदेशी वर्तमानपत्रांचा सर्वांत अधाशी वाचक मात्र जेफरसन नव्हे, पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स. 1780 च्या फेब्रुवारीत तो पॅरिसला आला. ब्रिटनशी तहाच्या वाटाघाटी करायला त्याला पाठवले होते, पण वाटाघाटीला समोर कोणी तयार नव्हते. रिकामा बसणे त्याच्या स्वभावात नव्हते, म्हणून तो वाचत सुटला आणि जे वाचले ते काँग्रेसला कळवत सुटला. जुलैअखेर पॅरिस सोडेपर्यंत त्याने काँग्रेसच्या अध्यक्षांना नव्वदहून अधिक पत्रे लिहिली. कधी एका दिवसात दोन, कधी तीन. त्यातली कित्येक पत्रे म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्रांतले उतारेच आहेत: अमुक आरमारी तुकडी कधी निघाली, पार्लमेंटात कोण काय बोलले. फ्रेंच परराष्ट्र खात्यात दुभाष्यांच्या कचेरीचा प्रमुख एद्म-झाक झने होता. त्याच्याकडून ॲडम्स वर्तमानपत्रे मिळवी आणि अमेरिकेच्या बाजूचा मजकूर त्याला पुरवी. मुत्सद्देगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दरबार, मुजरे आणि तहाचे मसुदे येतात. मला मात्र ॲडम्स मेणबत्तीपाशी वाकून, बोटांना शाई लावून, दुसऱ्याची बातमी स्वतःच्या अक्षरात उतरवताना दिसतो, आणि तो थेट आमच्या डेस्कवरचा वाटतो. त्याची ही पत्रे कंटाळवाणी आहेत असे विद्वान म्हणतात. असतीलही. आमचीही कॉपी कंटाळवाणीच असे.

पॅरिसमध्ये सगळ्यांशी बिनसल्यावर ॲडम्स हॉलंडला गेला आणि तिथे त्याची ल्यूझाकशी गाठ पडली. आता वाचकाचा लेखक झाला. मॅसॅच्युसेट्सच्या नव्या संविधानाचे फ्रेंच भाषांतर लायडनच्या गॅझेटने छापले. 19 एप्रिल 1781 ही तारीख घालून ॲडम्सने डच सरकारला जे निवेदन दिले, ते फ्रेंच आणि डच भाषेत लोकांपर्यंत पोहोचवायला ल्यूझाकने मदत केली. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, 19 एप्रिल 1782 ला, हॉलंडने अमेरिकेला मान्यता दिली. ज्या खिडकीतून बाहेर पाहायचे त्याच खिडकीतून हात बाहेर काढून आपली पाटीही लावायची, हे त्या लोकांना फार लवकर उमगले होते. हेग येथे शार्ल द्युमा नावाचा काँग्रेसचा एक विश्वासू माणूस हेच काम वर्षानुवर्षे करत होता, आणि पुढे जेफरसननेही अमेरिकेविषयीची खरी माहिती त्याच्याकरवी लायडनला पोहोचवली.

फ्रँकलिनने मात्र पाटी लावून थांबण्याऐवजी सगळी खिडकीच घडवली. तो जन्माचा मुद्रक. पॅरिसजवळच्या पासी येथे राहत्या जागी त्याने छोटा छापखाना मांडला होता, आणि 1782 च्या वसंतात त्याने तिथे बॉस्टनच्या ‘इंडिपेंडंट क्रॉनिकल’ची एक पुरवणी छापली. ही पुरवणी बॉस्टनने कधी पाहिलेली नव्हती. वर अंकाचा क्रमांक 705, मार्च महिन्याची तारीख, खाली जमिनीच्या विक्रीच्या आणि हरवलेल्या घोड्याच्या खोट्या जाहिराती, आणि मध्ये मुख्य मजकूर: इंग्रजांच्या चिथावणीने मूळच्या रहिवासी टोळ्यांनी काढलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या डोक्यांच्या कातड्यांचे गठ्ठे, शेतकऱ्यांचे किती, बायकांचे किती, मुलांचे किती, असा कोठीच्या यादीसारखा थंड हिशेब. सगळे त्याच्या डोक्यातून निघालेले. हा कागद ॲडम्सला पाठवताना त्याने लिहिले की याच्या रूपाविषयी मला थोडी शंका आहे, आशयाविषयी नाही. लंडनमध्ये तो मजकूर खरा म्हणून पुन्हा छापला गेला.

हरवलेल्या घोड्याच्या त्या जाहिरातीला माझ्यातली डेस्कवरची बाई मनापासून दाद देते. खोटे उभे राहते ते अशाच कोपऱ्यातल्या बारीक टायपावर, आणि हे कळायला आयुष्य छापखान्यात जावे लागते. पण यादी पुन्हा वाचली की दाद घशात अडकते. त्या गठ्ठ्यांनी ज्या टोळ्यांना राक्षस ठरवले, त्यांना बॉस्टनचे किंवा लंडनचे वर्तमानपत्र नव्हते, लायडनला त्यांचा कोणी द्युमा नव्हता, आणि पुढची कित्येक वर्षे तो कागद अमेरिकेत खरा पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध फिरत राहिला. फ्रँकलिन मला आवडतो. हा कागद मला आवडत नाही. दोन्ही गोष्टी मी बरोबर घेऊन फिरते.

1790 मध्ये जेफरसन परराष्ट्रमंत्री झाला, तेव्हा त्याच्या खात्यात चार कारकून होते. त्याने लायडनचे गॅझेट जॉन फेनो या मुद्रकाला द्यायला सुरुवात केली, म्हणजे त्याच्या वर्तमानपत्रातून लोकांना लंडनच्या चष्म्याशिवाय युरोप दिसेल. काही महिने फेनोने उतारे छापले, मग ते बंद झाले. त्यानंतर आला फिलिप फ्रेनो, कवी. (फेनो आणि फ्रेनो ही जोडी प्रुफे तपासणाऱ्याचा अंत पाहण्यासाठीच जन्माला आली असावी, आणि ते पुढे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले.) जेफरसनने त्याला वर्षाला 250 डॉलरवर खात्याचा भाषांतरकार नेमले. आपल्याकडे येणारी सगळी परदेशी वर्तमानपत्रे त्याला वाचायला देण्याची जेफरसनची तयारी होती, असे त्याने मॅडिसनला लिहिले आहे. 31 ऑक्टोबर 1791 ला फ्रेनोचे ‘नॅशनल गॅझेट’ निघाले आणि थोड्याच दिवसांत ते अर्थमंत्री हॅमिल्टनवर तुटून पडू लागले. तेव्हा जुलै 1792 मध्ये हॅमिल्टनने टोपणनावाने, तेही फेनोच्याच वर्तमानपत्रात, विचारले: सरकार या गृहस्थाला पगार देते तो भाषांतराचा की शिव्यांचा? प्रश्न चोख होता. जेफरसनने वॉशिंग्टनला लिहिलेले लांबलचक उत्तर मी दोनदा वाचले. त्यातला गॅझेटाबद्दलचा कळवळा मला खरा वाटला आणि फ्रेनोबद्दलचा निरागसपणा अजिबात वाटला नाही.

याच फ्रेनोपाशी मला आपल्याकडचा एक ओळखीचा वास आला. 1782 च्या एप्रिलमध्ये डेलावेअरच्या उपसागरात जोशुआ बार्नीच्या जहाजाने ‘जनरल मंक’ हे ब्रिटिश जहाज जिंकले आणि त्या विजयावर फ्रेनोने कविता लिहिल्या. बार्नीच्या जहाजाचे नाव होते ‘हैदर अली’. म्हैसूरचा हैदर. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर हे नाव कोणाच्या तोंडी आले असेल, तर ते लंडनच्या वर्तमानपत्रांतल्या हिंदुस्थानच्या मजकुरातूनच आले असणार, इंग्रजांना धडकी भरवणारा कोणी म्हणून. त्याच सुमारास पुण्यात नाना फडणवीस हैदराला आणि निजामाला जोडून घेऊन इंग्रजांविरुद्ध फळी सांभाळत होते आणि मे महिन्यात सालबाईचा तह होणार होता. शत्रूच्या कागदात शत्रूचा शत्रू शोधायचा आणि त्याचे नाव जहाजाला द्यायचे, ही रीत मला मनापासून आवडली. हेवाही थोडा वाटला.

ल्यूझाकचा शेवट मात्र वाचवत नाही. क्रांतीचे वारे हॉलंडमध्ये शिरल्यावर त्याचे मवाळपण नव्या राजवटीला खुपले आणि 1796 मध्ये त्याची इतिहासाची प्राध्यापकी गेली. दोनच वर्षांनी गॅझेटही हातचे गेले. 12 जानेवारी 1807 ला लायडनच्या रापेनबर्ग कालव्यात उभ्या असलेल्या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, गावाचा एक तुकडाच नाहीसा झाला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. त्यांत तो होता. जगभरच्या लढायांच्या बातम्या गावाचे नाव आणि तारीख घालून शांतपणे छापणारा माणूस स्वतःच्या गावच्या बातमीत गेला. जिथे घरे होती त्यातल्या काही जागेवर आता बाग आहे.

चार दिवसांनी मी साताऱ्याच्या सरांना फोन केला आणि मात्रेची हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, मी तर मंगळवारी वाचनालयात तुमचा लेख वाचून दाखवला. ‘रूप’ आणि ‘रूप’ यांत फरक काय, यावर अर्धा तास चर्चा झाली. आमच्या पोस्टमास्तरांनी सांगितले, शब्द तोच राहिला पण बोलणारा बदलला, हेच बाईंना म्हणायचे असणार. सगळ्यांना पटले. एकाने वहीत उतरवूनही घेतले.” मी म्हटले, सर, तसे काही मला म्हणायचे नव्हते. “हो, ते आता कळले,” ते म्हणाले, “पण आमचाही अर्थ काही वाईट नव्हता.” मग त्यांनी गंभीरपणे सुचवले की मी खुलासा लेखी पाठवावा, पोस्टकार्डावर. ते कार्ड अंकाच्या त्या पानावर चिकटवतील, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

मी पोस्टकार्ड आणले. “मूळ शब्द ‘रूपे’ होता,” असे लिहिले, मात्रा लाल शाईने दिली, आणि पेटीत टाकण्यापूर्वी ती तीनदा तपासली. त्याला आज तेरा दिवस झाले. काल सरांचा फोन आला होता. कार्ड अजून पोहोचलेले नाही, आणि येत्या मंगळवारी वाचनालयात पुन्हा चर्चा आहे.